आधी बॅटरी, मग बॉडी: इलेक्ट्रिक कंट्रोल लाइन विमानासाठी सडपातळ फ्युजलाज

भाताची कापणी झाली आणि बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूची शेतं मोकळी झाली की मसूर-वाटाणा पेरायच्या आधी मधे थोडे दिवस मिळतात, आमचा मॉडेल विमानं उडवायचा खरा सीझन तोच. दोन वर्षांमागं अशाच एका सकाळी भाचा विमानाच्या नाकात दोन बोटं घालून बसलेला, मला म्हणाला, "मामा, बॅटरी भायेर येईना की." बघतो तर खरंच येईना. बॅटरी २० मिमी जाड, मी आतली जागा ठेवलेली साडेवीस, चौथ्या फ्लाइटला पॅक गरम होऊन जरासा फुगला आणि बॉडीच्या दोन्ही बाजूच्या लाकडी शीटच्या मधे पाचरीसारखा अडकून बसला. शेवटी ब्लेडनं उजवी बाजू कापून काढावी लागली, लायपोच्या, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या, एवढं जवळ ब्लेड चालवायचं म्हणजे पातं आत गेलं तर आगच, माझे हात थरथरत होते. आठवडाभर राबून केलेली बॉडी त्या एका मिलिमीटरपायी गेली. तेव्हापासून मी कागदावर आधी बॅटरी काढतो आणि मग तिच्याभोवती विमान. नवीन येणाऱ्यांना मी हेच पहिलं सांगतो, बाकी सगळं त्याच्यामागनं येतं.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कंट्रोल लाइन म्हणजे दोन बारीक स्टीलच्या तारा, एका टोकाला तुमच्या हातातलं हँडल, दुसऱ्या टोकाला विमान, आणि विमान तुमच्याभोवती गोल फिरतं. हँडल वर-खाली वाकवलं की विंगमधला बेलक्रँक, म्हणजे खिळीवर फिरणारी छोटी पट्टी, हलतो, तो पुशरॉड म्हणजे शेपटीकडं जाणारी दांडी ढकलतो, शेपटीवरची हलती पट्टी म्हणजे एलिव्हेटर वळतं. रेडिओ नाही, काही नाही, विमानाची ओढ थेट मनगटाला कळते. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत जिम वॉकर यांनी 'फायरबॉल' नावाचं मॉडेल काढून हा प्रकार लोकांत नेला, आपल्याकडं एनसीसीच्या एअर विंगमधे गेलेल्या बऱ्याच पोरांनी हे उडवलेलं असतं. पूर्वी नाकात इंजिन आणि टाकी असायची, एरंडेल तेलाचा चिकट थर सगळ्या बॉडीवर बसायचा. आता मोटर आणि लायपो. आवाज कमी, चिकटपणा नाही, पण त्या बॅटरीला जागा करून द्यायला लागते आणि तिथंच नवीन माणसाची बॉडी डब्यासारखी होते.

सडपातळ कशाला पाहिजे, हा प्रश्न नीट सोडवून घ्या, कारण बहुतेकांना वाटतं स्पीडसाठी. तसं नाहीये. हिशेब करून बघा, १६ मीटरच्या दोन तारा, प्रत्येक ०.३८ मिमी जाड, म्हणजे समोरून वाऱ्याला लागणारं क्षेत्र झालं जवळपास १२० चौरस सेमी. हाताजवळचा भाग हळू फिरतो म्हणून विमानाला त्याचा साधारण चौथाई भार जाणवतो, तरी ३० चौरस सेमी धरा, आणि गोल तार वारा फार वाईट अडवते. त्याच्यापुढं ३१ बाय ६० मिमीची बॉडी १९ चौरस सेमीपण भरत नाही आणि तिचं नाक-शेपूट निमुळतं. तेव्हा बॉडी ४५ वरून ३१ वर आणली म्हणून विमान काही बाण सुटल्यासारखं जाणार नाही. फायदा वेगळ्याच जागी आहे. लाकूड कमी लागतं, शेपटीकडचं वजन कमी होतं, आणि बॅटरी विंगच्या खाली लोंबकळत न राहता विंगच्या लेव्हलमधे येते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

मग १२ मिमीची सपाट फळी, ज्याला प्रोफाइल म्हणतात, ती सगळ्यात बारीक नाही का? आहे की. पहिलं विमान तसंच करा, मी पण तेच सांगतो, पडलं तरी दुपारी चिकटवून संध्याकाळी उडतं. पण फळी पिळली जाते, बॅटरी एका बाजूला उघडी बांधायला लागते. अडीच मिमीच्या शीटचा बंद डबा त्याच वजनात पिळाला कितीतरी जास्त टिकतो. दुसरं-तिसरं विमान करणाऱ्यांनी आता पुढं वाचा.

एकच मॉडेल धरून चालूया म्हणजे आकडे घोळणार नाहीत. विंग १ मीटर, कॉर्ड म्हणजे विंगची पुढून मागं रुंदी २०० मिमी, तयार वजन ६५० ग्रॅमच्या आसपास, तारा १६ मीटर. वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किमी, एक फेरी पाच सेकंदात. मोटर २८ मिमी व्यासाची आउटरनर, १००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे), तीन सेलची लायपो, प्रॉप म्हणजे पुढचा पंखा ९ बाय ६ इंच. माझ्याकडं हा सेट सरासरी १६ अँपिअर खातो. साडेचार मिनिटांची फ्लाइट म्हणजे १६ गुणिले ४.५ भागिले ६०, बरोबर १.२ अँपिअर-तास, १२०० एमएएच. पॅकच्या ८० टक्क्यांवर जायचं नाही हा नियम धरला तर १५०० चा पॅक अगदी काठावर बसतो आणि १८०० चा निवांत. मी १८०० घेतो. २२०० घेऊ नका, ते ज्यादा वजन आणि जाडी उगाच वाहून न्यायची. नवीन पोरं इथंच चुकतात, मोठी बॅटरी म्हणजे चांगली असं समजून घेतात आणि मग बॉडी फुगते.

आता हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, घ्या. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाणारा एक तरी माणूस आपल्या गल्लीत सापडतोच, त्याच्याकडं एका संध्याकाळसाठी मागा. वेबसाइटवरचं माप घेऊ नका, स्वतःचा पॅक मोजा, आणि कडेला नाही तर मधोमध मोजा, फुगतो तो मधेच. माझा पॅक १०४ बाय ३४ बाय २० भरला. तो आडवा झोपवला तर बॉडी आतून ३८-४० होणार, उभा केला तर २० मधे काम होतं. म्हणून बॅटरी कडेवर उभी ठेवायची. २० मधे फुगण्यासाठी २ मिळवा, स्पंजच्या पट्टीसाठी अजून २, आतली जागा झाली २४. दोन्ही बाजूला ०.८ मिमी प्लायचा डबलर, म्हणजे मजबुतीसाठी आतून चिकटवलेला थर, त्याच्या बाहेर अडीच मिमीचं बाल्सा, म्हणजे मॉडेलचं हलकं लाकूड. बेरीज ३०.६, म्हणजे ३१ धरा. ही तुमच्या विमानाची रुंदी. डोळ्याला बरी दिसते म्हणून २८ करू नका, मी साडेवीसची जी गोष्ट वर सांगितली ती याच मोहापायी झालेली.

लगेच पुढचा प्रश्न येतो, मोटर २८ ची आणि आतली जागा २४, मग ती बसणार कशी. ती आत बसवायचीच नाही. फायरवॉल म्हणजे नाकातली आडवी प्लायची भिंत, तिच्या पुढं उघडी बसवायची, मागं ३१ ची फायरवॉल आणि पुढं ३० चा स्पिनर म्हणजे पंख्यावरची टोपी, मोटर त्या दोघांच्या रेषेत बरोबर लपते आणि वर तिला वारापण मिळतो. एक गोष्ट मात्र जवळ जाऊन बघा. आउटरनरचं बाहेरचं भांडंच फिरतं आणि तिन्ही वायरी त्याच्या मागच्या बाजूनं निघतात. वायर जरा जरी सैल राहिली तर फिरणारी कड तिचं इन्सुलेशन हळूहळू खरवडते, बाहेरून काही दिसत नाही. फायरवॉलला भोक पाडून वायरी सरळ मागं ओढून घ्या, भोकाच्या कडेला धाग्यानं बांधा, आणि मोटर हातानं फिरवून कान लावून ऐका. खस् खस् आवाज आला की काहीतरी घासतंय.

ड्रॉइंग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढा, फुल साइज. आधी एक सरळ रेषा, तीच मोटरची लाइन आणि साधारण विंगचा मध्य. फायरवॉलपासून विंगच्या पुढच्या कडेपर्यंत १६० मिमी. त्यात फायरवॉलच्या मागं लगेच इएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, साधारण ४५ लांब, ती आडवी झोपवा कारण तिथं बॉडीची उंची कमी असते. तिच्यामागं बॅटरी उभी, १०४. उरलेले १०-११ मिमी कनेक्टरच्या वायरींना, आणि ते लागतातच. विंग २००, विंगच्या मागच्या कडेपासून एलिव्हेटरच्या बिजागरीपर्यंत २८०. उंची फायरवॉलला ३२, विंगपाशी ६०, शेपटीला २०. वरून बघितलं तर ३१ ची रुंदी विंगच्या मागच्या कडेपर्यंत सरळ ठेवा आणि तिथून शेपटीकडं १० पर्यंत निमुळती करा. कॅलेंडर भिंतीला लावून दोन दिवस येता-जाता बघा. रेषा कुठं पोट सुटल्यासारखी वाटते ते लांबून लगेच कळतं, टेबलावर वाकून कळत नाही.

आता तोल. सीजी, म्हणजे विमानाचा तोलाचा बिंदू, विंगच्या पुढच्या कडेपासून ४० मिमी मागं, म्हणजे कॉर्डच्या २० टक्क्यांवर धरा, नवीन हाताला हे बरं. वजन काट्याच्या दांडीसारखा विचार करा, वजन गुणिले अंतर. शेपूट ४० ग्रॅमचं आणि सीजीपासून ४४ सेमी लांब, म्हणजे १७६०. पुढं मोटर, प्रॉप, स्पिनर मिळून ७५ ग्रॅम, साडेएकवीस सेमीवर, १६०० च्या आसपास. बॅटरी १५० ग्रॅम, पावणेदहा सेमीवर, साडेचौदाशेच्या जवळ. असं सगळ्या पार्टचं मांडून पुढची आणि मागची बेरीज जुळते का बघायची. मुद्दा काय, तर शेपटीवर नुसता १० ग्रॅम रंग किंवा अराल्डाइट ज्यादा लागलं तर ४४० वाढले, आणि ते भरून काढायला १५० ग्रॅमची बॅटरी ३ सेमी पुढं सरकवावी लागते. सडपातळ बॉडीत ३ सेमी शिल्लकच नसतात. मग नाकात शिसं भरायची वेळ येते, आणि ज्या वजनासाठी एवढी खटपट केली तेच परत अंगावर येतं.

म्हणून लाकूड निवडताना आळस नको. मला तरी आजवर बेळगावात दुकानात बाल्सा मिळालेला नाही, कुरिअरनंच मागवतो. आलेलं प्रत्येक शीट किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा आणि वजन पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहा. अडीच मिमीचं, १०० मिमी रुंद, १ मीटर लांब शीट हलकं असेल तर ३० ग्रॅम भरतं, जड असेल तर ५० पर्यंत जातं, बघायला दोन्ही सारखीच. दोन्ही बाजूंना ३०-३५ चं शीट वापरा, शेपटीला सगळ्यात हलकं, फॉर्मर (बॉडीतल्या आडव्या चौकटी) आणि नाकाच्या ब्लॉकला जड. आणि डावी-उजवी बाजू एकसारखी वाकणाऱ्या शीटमधूनच कापा. एक कडक आणि एक मऊ घेतलं तर मागं जोडताना बॉडी केळ्यासारखी वाकते आणि मग काही केल्या सरळ होत नाही. कोण तरी सांगतं सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरायचे तो पांगारा घ्या, हलका असतो. मी करून बघितलंय, नाकाच्या ब्लॉकला चालेल पण शीटला जड पडतो.

फायरवॉल ४ मिमी प्लायची. साधं कमर्शियल प्लाय घेणार असाल तर कडेनं बघा, मधल्या थरात फट असते, टिचकी मारली की पोकळ वाजतं, असला तुकडा टाकून द्या. विमान वरून बघताना घड्याळाच्या उलटं फिरतं, डावी विंग तुमच्याकडं, उजवी बाहेर. तारा ताठ राहाव्यात म्हणून मोटरचं तोंड किंचित बाहेर पाहिजे, तेव्हा उजवी शीट पुढून १ मिमी आखूड कापा. ३१ मिमी रुंदीवर १ मिमी म्हणजे जवळजवळ २ अंश, तेवढं पुरे. सुतार मेस्त्री 'एक सूत' म्हणतात ते ३ मिमी होतं, तेवढं घेतलंत तर फार झालं.

डबलर फायरवॉलपासून विंगच्या मागच्या कडेपर्यंत. त्याचं मागचं टोक सरळ उभं कापू नका, तिरकं किंवा माशाच्या शेपटीसारखं कापा, नाहीतर पडल्यावर बॉडी बरोबर त्या रेषेवर ब्लेडनं कापल्यासारखी तुटते. डबलर चिकटवायला फेविक्विक नको, हात हलायच्या आत धरतं. पातळ अराल्डाइट पसरून जादाचं कार्डानं खरवडून काढा आणि वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. पावसाळ्यात करत असाल तर पूर्ण दिवस दाबून ठेवा, आपल्याकडची झड लागली की बाल्सा ओल पितो आणि वाकतो.

आता बॅटरीची जागा, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. सेकंदाला २० मीटर आणि १६ मीटरची तार, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की २५ येतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट ओढ, आणि ती सतत बाहेरच्या बाजूला. ६५० ग्रॅमचं विमान तुमचा हात दीड-पावणेदोन किलोनं ओढतं ते त्यामुळंच. तीच ओढ बॅटरीलापण लागते. १५० ग्रॅमचा पॅक पूर्ण फ्लाइटभर उजव्या भिंतीला जवळपास पावणेचारशे ग्रॅमनं दाबत असतो. म्हणून ट्रे खाली नाही, उजवी भिंतच ट्रे. उजव्या डबलरला वेल्क्रोच्या पट्ट्यासाठी वर-खाली दोन दोन खाचा पाडा, दोन मिमीचा स्पंज त्याच भिंतीला चिकटवा, बॅटरी त्याला टेकवून दोन पट्ट्यांनी बांधा. डाव्या भिंतीला टेकवून बांधणारे बघितलेत मी, तिथं सगळा भार पट्ट्यावर येतो, उजवीकडं भार लाकूड घेतं.

बॅटरी आत जायला वरून हॅच म्हणजे निघणारं झाकण, १२० लांब. पण डब्याचं झाकण काढलं की डबा राहत नाही, पन्हाळ होते आणि पन्हाळ सहज पिळली जाते. म्हणून हॅचच्या दोन्ही कडांना आतून ५ बाय ५ ची बाल्साची काठी फायरवॉलपासून विंगच्या आतपर्यंत सलग न्या, खालच्या कोपऱ्यात तिकोनी पट्टी. हॅच पुढं जिभेत अडकवा आणि मागं दोन लोहचुंबक. बाजूच्या शीटला भोक पाडून बॅटरी घालायचा विचार करू नका, तिथूनच मोडते.

वारा आत आला पाहिजे आणि त्याहून जास्त बाहेर गेला पाहिजे. फायरवॉलला १२ मिमीची तीन भोकं म्हणजे साधारण साडेतीन चौरस सेमी. बाहेर जायला विंगच्या मागं पोटाला ३० बाय २० ची खिडकी, ६ चौरस सेमी. मधल्या फॉर्मरला भोक पाडायचं बरेच जण विसरतात, मग पुढं-मागं खिडक्या असून बॅटरी बंद खोलीत बसल्यासारखी तापते. उन्हाळ्यात उडवून आलात की पॅकला हात लावा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर खिडकी मोठी करा किंवा प्रॉप लहान घ्या.

मागची बाजू पटकन होते. वर-खाली दीड मिमीचं शीट, पण त्याच्या शिरा आडव्या ठेवा, लांबीच्या नाही, पिळ पडत नाही. पुशरॉड साधारण ४४ सेमी लागतो आणि सायकलचा स्पोक तेवढा लांब नसतो. पतंगाची चांगली वाळलेली कामटी घ्या, दोन्ही टोकांना स्पोकचे तुकडे धाग्यानं आवळून वर अराल्डाइट. मधे एका फॉर्मरला गुळगुळीत भोक ठेवून त्यातून रॉड न्या, नाहीतर ढकलताना तो धनुष्यासारखा वाकतो आणि नेमकं डाउन पाहिजे तेव्हा डाउन मिळत नाही.

बेलक्रँक विंगच्या मेन स्पारलाच, म्हणजे विंगमधल्या मुख्य आडव्या काठीलाच, ३ मिमी प्लायवर. बॉडीच्या तळाला स्क्रू मारून मोकळं होऊ नका. सगळं जोडल्यावर लीड-आउटला, म्हणजे विंगच्या टोकातून बाहेर येणाऱ्या तारांना, धरून विमान खिळ्याला टांगा, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. तसंच टांगलेलं असताना विंग ओळंब्यात लोंबते का बघा. चाकं आणि बॅटरी फार खाली असतील तर ती तिरकी लोंबते आणि उडतानापण तशीच तिरकी उडणार. बॅटरी विंगच्या लेव्हलमधे घ्या म्हणून मी एवढा मागं लागलो ते याच्यासाठी.

मग ओढून बघायची टेस्ट. विमानाच्या दहा पट, म्हणजे साडेसहा किलो. एकानं विमान बॉडीला विंगपाशी घट्ट धरायचं, दुसऱ्यानं सामान मोजायचा हुकाचा काटा हँडलला लावून तारांसकट ओढायचं. लाकूड कुरकुरलं तर उडवायचं नाही, परत उघडायचं. टायमर (मोटर ठरल्या वेळी चालू-बंद करणारा) आणि मोटर घरात तपासताना प्रॉप काढून ठेवा, आणि टायमरवर सुरू व्हायच्या आधी निदान अर्धा मिनिट वेळ लावा, १६ मीटर चालत जाऊन हँडल मनगटाच्या पट्ट्यासकट धरायचं असतं.

मैदानाबद्दल दोन शब्द, कारण याच्यात जीव जाऊ शकतो. तारा स्टीलच्या आहेत, वीज थेट हातात येते. शेतात पंपाच्या लाइन असतात त्यांच्यापासून निदान ५० मीटर लांब, आणि वळवाचे ढग येळ्ळूरच्या गडावर काळे दिसले की आवरायचं, गडगडायची वाट बघायची नाही. सांबरा विमानतळाच्या बाजूला आणि कँपातल्या लष्करी जागेत उडवायला जाऊ नका. बघायला आलेली पोरं "काय करूलासा ओ?" म्हणत तारांच्या आत शिरतात, एक माणूस फक्त त्यांना थांबवायला उभा करा.

पहिल्या दिवशी तीनच फ्लाइट करा. प्रत्येक वेळी उतरल्यावर हॅच काढून बॅटरी बाहेर घ्या, वायरींना कुठं घासल्याची खूण आहे का बघा, आणि पॅक थंड झाला की व्हर्नियर लावून जाडी मोजा. पॅकवर कागदी टेप चिकटवून त्यावर तारीख आणि जाडी लिहीत जा. माझ्या आत्ताच्या पॅकवर २०.० ने सुरू झालेली यादी २०.९ पर्यंत आलीये. आतली जागा २४, त्यातले २ स्पंजाचे, म्हणजे २२ ला तो भिंतीला टेकणार. मी २१.५ झाला की तो पॅक विमानात घालायचा बंद करणार.